अर्धा स्वर खाली

लग्न जमवताना आपल्याकडे पत्रिका पाहतात, गोत्र पाहतात, माणसेही पारखून घेतात. गाण्या-वाजवण्याचा मेळ जमवताना मात्र कोणी काही पाहत नाही. चार हौशी माणसे एकत्र येतात, सतरंजी अंथरली जाते, चहा-पोहे होतात, दोन रविवार झकास जातात आणि तिसऱ्या रविवारी दोघांचे फोनच लागत नाहीत. तरुणपणी हे चालून जाते, दुसरे मित्र मिळतात. चाळिशी-पन्नाशीत मेळ मोडला की पेटी माळ्यावर जाते ती कायमची. म्हणून या वयात सूर जुळवण्याआधी माणसे जुळवावी लागतात. आमचा सुरतेतला मेळ २०१८ पासून टिकून आहे. तो कसा जमला आणि मोडता मोडता कसा राहिला, ते सांगावेसे वाटते.

‘मेळ’ हा शब्द आपल्या दोन्ही घरांतला. मराठीत गणेशोत्सवातले मेळे होते. कन्नडमध्ये यक्षगानात मागे बसणाऱ्या गायक-वादकांना हिम्मेळ म्हणतात आणि पुढे नाचणाऱ्या पात्रांना मुम्मेळ. माझी आई धारवाडकडची, वडील बेळगावचे मराठी. त्यामुळे घरात संध्याकाळी देवापुढे तुकोबाही असत आणि पुरंदरदासही. १९९८ साली लग्न होऊन मी सुरतेला आले, तेव्हा सामानात एक पेटी होती. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचे पाणी सोडल्यावर तापीला पूर आला आणि आमचे अडाजणचे तळमजल्याचे घर पाण्यात गेले. पेटीचे लाकूड फुगले, भाता सुटला. पुढची बारा वर्षे संसार, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचे आजारपण यात पेटीचे नाव कोणी काढले नाही.

सगळ्यांचे गाव

सुरत म्हटले की आपल्याकडे साडी आणि हिरे आठवतात. पण लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत फिरलात तर आपण जळगाव-धुळ्यात आहोत असे वाटेल. उधना-जळगाव रेल्वेमार्गाने खान्देशी माणूस पिढ्यान्‌पिढ्या इथे कामाला येत आला आहे. यंत्रमागांवर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले कामगार आहेत, तेलुगू बोलणारे विणकर आहेत. सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया आणि तेलुगू माध्यमाच्याही शाळा चालवते. आपल्या सीमाभागात दोन भाषांचे घर असते, इथे गल्लीत पाच भाषा असतात. अशा गावात गाणारी-वाजवणारी माणसे कमी नाहीत. ती कुठे बसतात, एवढेच कळायला हवे.

मला ते कळले वाद्यदुरुस्तीच्या दुकानात. मुलगी नोकरीला लागली आणि तिने पहिल्या पगारात, “आई, तू पेटी घे,” म्हणून पैसे हातावर ठेवले. जुनी पण चांगली पेटी शोधत मी एका दुकानात गेले. कोणाकडे काय वाजते हे दुरुस्तीवाल्याइतके कोणालाच ठाऊक नसते. तबल्याला शाई कोण भरून घेतो, कोणाची पुडी वर्षाला फाटते आणि कोणाची दहा वर्षे तशीच आहे, हे त्याला तोंडपाठ. त्यानेच तीन नावे सांगितली. चौथा माणूस गणेशोत्सवातल्या आरतीत सापडला. झांज तो अशी नेमकी वाजवत होता की आरती संपल्यावर मी थेट जाऊन विचारले.

असे आम्ही पाच झालो. लूमच्या खात्यात सुपरवायझर असलेले खान्देशी तबलजी, त्यांना आम्ही दादा म्हणतो. बँकेतून निवृत्त झालेले गुजराती गायक, ते सगळ्यांचे काका. बासरीवाला गंजामचा. झांज आणि चिपळ्यांना सोलापूरहून आलेल्या पद्मशाली घरातला, घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारा एक गृहस्थ. आणि पेटीवर मी. मला कोणी ताई म्हणते, कोणी बेन, कोणी भाभी. मेळाला नाव अजून ठेवलेले नाही.

कुरुंदवाडचा धागा

पाच भाषांच्या माणसांनी पहिल्या दिवशी काय वाजवायचे? मला वाटले होते की सिनेगीतांवर एकमत होईल. झाले वेगळेच. काकांनी लहानपणी संगीताच्या परीक्षा दिल्या होत्या, मीही दिल्या होत्या आणि दादांनी तबल्याच्या. भूप, दुर्गा, काफी, खमाज हे सगळ्यांच्या कानावरचे. तीनताल आणि झपताल तर हातातलेच.

याचे मूळ आपल्याच भागात आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, पुढे गुजरात-सौराष्ट्रातून फिरत फिरत उत्तरेला गेले आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. १९३१ मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले आणि त्याच्या परीक्षा गावोगाव पोचल्या. गुजरातचे ओंकारनाथ ठाकूर त्यांचेच शिष्य. बेळगावची मुलगी आणि गुजरातचा मुलगा एकमेकांना न ओळखता लहानपणी एकच अभ्यासक्रम घोटतात, तो असा. कोणाला सोबत घ्यायचे असेल तर ‘तुम्ही किती चांगले वाजवता’ हे नंतर विचारावे, ‘लहानपणी काय शिकलात’ हे आधी विचारावे.

पट्टी जुळेना

खरी अडचण पट्टीची निघाली. काका काळी एकमध्ये गाणारे. बहुतेक पुरुषांची पट्टी तिथेच किंवा थोडी वर असते. तरुणपणी मी काळी चारमध्ये गात असे. या दोन पट्ट्यांचे छान जमते. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. त्यामुळे काळी एकला लावलेला तबला काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईला मध्यमाचा ठरतो आणि एका तबल्यावर दोघांचे भागते.

पण वयाबरोबर बायकांचा आवाज थोडा खाली येतो. पन्नाशीजवळ माझा षड्ज काळी चारवरून उतरून पांढरी चारवर आला होता. आता काळी एकचा तबला माझ्या गाण्याला लागेना. दुसरा, मोठ्या तोंडाचा तबला घ्यायचा तर खर्च आणि प्रत्येक गाण्यानंतर वाद्य बदलण्याचा खोळंबा.

तोडगा दादांनी काढला. ते म्हणाले, “काका, तुम्ही अर्धा स्वर खाली याल का?” काका पांढरी एकमध्ये आले. तबला अर्धा स्वर सहज उतरतो. आणि पांढरी एक म्हणजे माझ्या पांढरी चारचा पंचम. एकच तबला पुन्हा दोघांना चालू लागला. काकांना वरचे स्वर आधीपेक्षा सोपे जाऊ लागले, ही वरकमाई. बासरीवाल्याला मात्र नव्या पट्टीची बासरी घ्यावी लागली, कारण बासरी पिळून स्वर बदलत नाही. तिची वर्गणी पाचही जणांनी दिली. तानपुऱ्याला आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक पेटी आहे, बंगळूरची. मिरजेच्या तानपुऱ्याची गोडी तिला नाही (मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले), पण दोन बटणांत पट्टी बदलते आणि रिक्षात मांडीवर बसते.

हेतूही जुळायला हवा

मधल्या काळात एक सहावा गडी होता. कीबोर्डवर त्याचा हात असा फिरायचा की आम्ही वाजवायचे थांबून ऐकत बसायचो. आमच्यात सर्वांत तयार तोच. तीन महिन्यांनी तो म्हणाला, “आपण ऑर्डर घेऊ या. लग्न, वाढदिवस, नवरात्रात गरबा. पैसे मिळतील.” त्याचे चूक नव्हते. नवरात्रात सुरतेत वादकाला नऊ रात्री उसंत नसते आणि कलेचे पैसे मिळणे यात कमीपणा कसला? पण ऑर्डर आली की तालीम आली, गिऱ्हाइकाची फर्माईश आली, रात्रीची जाग आली. लूमची पाळी बारा तासांची. दादांना आठवड्यातून एक रविवार सकाळ मिळते, तीही त्यांना मोकळ्या मनाने हवी होती.

दोन रविवार आम्ही यावर बोललो. शेवटी काकांनी प्रत्येकाला विचारले, “तुला लोकांसमोर वाजवायचे आहे की एकमेकांसमोर?” पाच जणांचे उत्तर एक आले. सहावा हसत निघून गेला. तो आजही भेटतो, आम्ही त्याच्या कार्यक्रमाला जातो. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा असे मी आता सगळ्यांना सांगते. हात तयार नसेल तर सरावाने होतो, हेतू सरावाने बदलत नाही.

दादांचे कान

खरी परीक्षा २०२२ मध्ये आली. कोरोनाच्या खंडानंतर पुन्हा बसू लागलो तेव्हा दादा सम चुकू लागले. ठेका पक्का, पण गायकाने मुखडा कधी घेतला हे त्यांच्या लक्षात येईना. झांज आणि त्यांचे बोल वेगवेगळे पडू लागले. एकदा ते डग्गा बाजूला सारून म्हणाले, “ताई, आता दुसरा कोणी बघा. मला शब्द कळत नाहीत, नुसते ओठ हलताना दिसतात.”

अठ्ठावीस वर्षे लूमच्या खडखडाटात काढलेला माणूस. यंत्रमागांच्या खात्यात आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे सहज जातो, आणि अशा गोंगाटाने आधी जातात ते उंच कंपनांचे आवाज, चार हजार हर्ट्‌झच्या आसपासचे. कान तपासून घेतले तेव्हा डॉक्टरांनी हेच सांगितले. गेलेले परत येणार नाही, राहिलेले जपा. बोलण्यातली स, श, त, फ अशी व्यंजने आणि झांजेची किणकिण उंच कंपनांवर चालते, म्हणून तीच आधी हरवतात. डग्ग्याचा घुमारा आणि तबल्याचा मूळ स्वर त्या मानाने पुष्कळ खाली असतो. म्हणजे दादांना त्यांचा तबला ऐकू येत होता, आमचे शब्द येत नव्हते.

हे समजले आणि उपाय सुचत गेले. दादांची जागा बदलली. आता ते माझ्यासमोर बसतात, मुखड्याला मी मान हलवते. झांजवाले त्यांच्या उजव्या हाताला बसतात, म्हणजे झांज ऐकू आली नाही तरी हात दिसतो. तानपुऱ्याची पेटी त्यांच्या गुडघ्याजवळ असते. नवे गाणे घेण्याआधी शब्द मोठ्या अक्षरांत लिहून त्यांना देतो. खात्यात जाताना ते आता कानात बोळे घालतात. पंचवीस वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर, असे ते एकदाच म्हणाले, पुन्हा नाही. दुसरा तबलजी आम्ही शोधला नाही.

विठ्ठल दोन्हींकडचा

त्याच वर्षी मी एक पुरंदरदासांचे पद बसवायला घेतले. कन्नड पद देवनागरीत लिहून पाच प्रती केल्या. काकांना उच्चार जमेनात, सोलापूरच्या भावांना चार शब्द ओळखीचे वाटले. दादा कागद बराच वेळ वाचत राहिले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “अहो, हा तर आपला विठ्ठल!” पुरंदरदासांची मुद्रिकाच ‘पुरंदर विठ्ठल’. वारकरी घरातल्या माणसाला आणखी ओळख लागली नाही. भीमसेन जोशींनी मराठी अभंग आणि कन्नड दासपदे दोन्ही गाऊन आपल्या दोन घरांत जो दरवाजा उघडा ठेवला, त्यातून आमचे दादा सहज आत आले. माझी मुले इथे गुजराती-इंग्रजीत वाढली. आजीची कन्नड त्यांना येत नाही. पण ते पद मुलगी आता स्वयंपाक करताना गुणगुणते. अर्थ विचारते, मी सांगते.

सुरू करणाऱ्यांसाठी

आपल्याकडे बेळगाव, निपाणी, सोलापूर, विजापुरात अशी घरे खूप आहेत जिथे पेटी कपाटावर आहे आणि वाजवणारे हात मोबाइलवर. त्यांच्यासाठी थोडे अनुभवाचे. चारपाच माणसे पुरतात, जास्त झाली की वेळ जुळत नाही. वार आणि वेळ ठरवा, ती कोणासाठी बदलू नका. बसणे दोन तासांचे असावे आणि चहा मध्ये नको, शेवटी असावा. पहिल्या दिवशी तीन गोष्टी उघड बोला: पट्टी कोणती, लहानपणी काय शिकलात आणि लोकांसमोर वाजवायचे की नाही. ज्याच्या घरी बसता त्या घरच्या माणसांना आधी विचारा. आमच्या सासूबाईंनी सुरुवातीला कपाळाला आठ्या घातल्या होत्या, पुढे त्याच दर रविवारी सतरंजी उन्हात टाकू लागल्या. शेजाऱ्यांनाही वेळ सांगून ठेवा.

आणि पट्टी जुळत नसेल तर माणूस बदलण्याआधी एकदा विचारून पाहा, अर्धा स्वर खाली कोण येईल? बहुतेक वेळा कोणीतरी तयार असते.