राख उडू नये म्हणून

गॅस आला तरी आपल्या महागावात बऱ्याच घरी आंघोळीचे पाणी चुलीवरच तापते. पऱ्हाटी-तुराटी जळते अन् चूलभर राख उरते. सकाळी फडा मारला की राख उडालीच! पिठावर, पाण्याच्या गुंडावर, पाळण्यातल्या बाळाच्या नाकात.

असे का होते? राखेतले काही कण केसाच्या जाडीच्या २० व्या भागाहूनही बारीक असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट छातीत जातात. फड्याच्या वाऱ्याने तेच आधी उडतात. शहरात धूळ ओढणारे यंत्र असते, व्हॅक्यूम क्लीनर. साध्या यंत्राने राख ओढली तर हे कण त्याच्या पिशवीतून निसटून मागून पुन्हा खोलीतच येतात! म्हणून काही यंत्रांत ती हवा पाण्यातून नेतात.

पाणी तर आपल्याही घरी आहे. राख रात्रभर निवू द्या. गरम राखेवर पाणी टाकले तर वाफेसोबत राख अंगावर येते, चूलही तडकते. भांड्यांसाठी लागणारी कोरडी राख आधी हळूच काढून घ्या. ओली राख हाताला चरचरते, तिच्यात खार असतो. मग सडा टाकतो तसे थोडेसे पाणी शिंपडा. कण एकमेकांना चिकटून जड होतात. आता फडा नको. घमेले चुलीला टेकवा अन् पत्र्याच्या तुकड्याने राख ओढा. उंचावरून टाकली तर मेहनत वाया.

राखेत झाकलेला निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो. पूर्वी आजी त्यावरच चूल पेटवायची. तेव्हा राख पऱ्हाटीच्या ढिगाजवळ कधीच टाकू नका.