टुडूइस्टमधली कामांची यादी संगणकात आणताना



शिष्यवृत्तीचे अर्ज, यू-डायसची माहिती, पालकसभा... अशी कामे बरेच जण आता टुडूइस्टसारख्या वेब अ‍ॅपवर लिहितात. सोय चांगली आहे, पण शाळेत नेट नसलं की ब्राउझरमध्ये यादी उघडेलच असं नाही! शिवाय अ‍ॅप कायम राहील याचा भरवसा काय? वंडरलिस्ट हे लोकप्रिय अ‍ॅप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतले आणि ६ मे २०२० रोजी बंद केले. म्हणून एक प्रत आपल्या संगणकात हवीच. त्यासाठी लिबरऑफिस कॅल्क पुरेसे आहे, आणि ते मोफत आहे.

टुडूइस्ट ब्राउझरमध्ये उघडा. प्रोजेक्टच्या तीन टिंबांच्या मेनूत सीएसव्ही एक्स्पोर्टचा पर्याय मिळेल. प्रत्येक प्रोजेक्टची फाइल वेगळी उतरवावी लागते.

आता खरी अडचण. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट डबल क्लिकने उघडली की पुष्कळदा मराठीच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. घाबरू नका, फाइल बिघडलेली नसते. संगणक अक्षर साठवत नाही, आकडे साठवतो. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे अक्षर, काना, वेलांटी प्रत्येकी ३ बाइट घेतात. 'पाणी' म्हणजे प, काना, ण, वेलांटी, असे १२ बाइट. फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ची खूण नसेल, तर एक्सेल जुन्या पद्धतीने एकेक बाइट सुटा वाचतो आणि 'पाणी'ची १२ चिन्हे होतात. (सातवी-आठवीच्या मुलांना हे जरूर करून दाखवा, फार मजा येते.) अशा अवस्थेत सेव्ह मात्र करू नका.

कॅल्क फाइल उघडतानाच विचारतो. तिथे कॅरेक्टर सेटमध्ये युनिकोड यूटीएफ-८ आणि सेपरेटरमध्ये कॉमा निवडा. खालच्या नमुन्यात मराठी नीट दिसली की ओके. एक्सेलच वापरायचे असेल तर डेटा मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि ६५००१ हा क्रमांक असलेला युनिकोड निवडा. मग फाइल ओडीएस किंवा एक्सेलच्या स्वरूपात सेव्ह करा.

लगेच तारखेप्रमाणे क्रम लावायला जाऊ नका! 'स्नेहसंमेलन' या कामाखालची 'मंडप', 'ध्वनिक्षेपक' ही उपकामे इथे साध्या ओळी होतात. इंडेंट रकान्यात फक्त १, २ असे आकडे असतात. कोणते उपकाम कोणाचे, हे ओळींच्या क्रमावरूनच कळते. क्रम हलला की नाते तुटले. आधी एक नवा रकाना घेऊन मुख्य कामाचे नाव प्रत्येक ओळीत लिहा. 'दर सोमवारी' असे लावलेले काम शब्दांतच येते, त्याची तारीख हाताने घालावी लागते.

आणि पूर्ण झालेली कामे या फाइलमध्ये येतच नाहीत. वर्षाअखेरीस काय काय केले ते लिहायचे असते तेव्हा नेमकी तीच लागतात. त्यामुळे जूनमध्येच यादी उतरवून घ्या आणि झालेल्या कामाची खूण कॅल्कमध्येही करत चला.