ग्रुपचं बिऱ्हाड

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने गोपनीयता धोरणातले बदल मान्य करण्याची सूचना धाडली आणि भारतात एकच खळबळ उडाली. काही दिवसांतच सिग्नल हे ॲप डाउनलोडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. गर्दी इतकी झाली की १५ जानेवारीला सिग्नलची यंत्रणाच बंद पडली. व्हॉट्सॲपनेही ८ फेब्रुवारीची मुदत १५ मेपर्यंत पुढे ढकलली. सोसायटीचे, शाळेच्या बॅचचे, भावकीचे ग्रुप सिग्नलवर निघाले, पण त्यांतल्या बहुतेकांत पुढे कोणी फिरकलं नाही आणि गप्पा जुन्या जागीच चालू राहिल्या. त्यानंतर चारच महिन्यांनी, मे २०२१ मध्ये, जगभरच्या मुक्त सॉफ्टवेअर कार्यकर्त्यांचे शेकडो गट आपली जवळपास वीस वर्षांची जागा सोडून काही आठवड्यांत दुसरीकडे गेले आणि तिथे टिकलेही. एक स्थलांतर फसलं, दुसरं साधलं. हा फरक ॲपच्या गुणावगुणांचा नव्हता. एकत्र निर्णय घेण्याची सोय एका बाजूला होती आणि दुसऱ्या बाजूला नव्हती, हे त्यामागचं कारण आहे.

दुसऱ्या घटनेची हकीकत जरा तपशिलात पाहायला हवी. आयआरसी ही गप्पांची पद्धत १९८८ साली फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी तयार केली. तिच्यात फोटो नाहीत, स्टिकर नाहीत. एका खोलीत जमलेल्या माणसांनी लिहिलेल्या ओळी एकाखाली एक सरकत जातात, एवढंच. या खोल्यांना चॅनेल म्हणतात. लिनक्स आणि त्याच्या आसपासचं सॉफ्टवेअर घडवणाऱ्या लोकांचा मोठा अड्डा फ्रीनोड या नेटवर्कवर होता. २००२ पासून ते या नावाने ओळखलं जात होतं, चालवणारे स्वयंसेवक होते आणि सर्व्हर देणगीदाखल मिळालेले होते. २०१७ च्या सुमारास फ्रीनोडच्या नावाची कंपनी झाली आणि ती अँड्र्यू ली या उद्योजकाच्या हाती गेली. नेटवर्क नेमकं कोणाचं, नाव ज्याच्याकडे आहे त्याचं की रोज राबणाऱ्यांचं, हा वाद २०२१ मध्ये विकोपाला गेला. १९ मे रोजी स्वयंसेवकांनी एकत्र राजीनामे दिले आणि त्याच दिवशी लिबेरा चॅट हे नवं नेटवर्क सुरू केलं. त्याची संस्था स्वीडनमध्ये, नफ्यासाठी न चालणारी म्हणून नोंदवलेली आहे. उबुंटू, फेडोरा, जेंटू हे लिनक्सचे प्रकल्प आणि विकिपीडियाच्या कामाशी जोडलेली विकिमीडियाची चॅनेल तिकडे गेली, आणि जूनमध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्पही गेला.

यावर कोणी म्हणेल की ही सगळी तांत्रिक मंडळी, त्यांना काय अवघड? आक्षेपात तथ्य आहे. दोन्ही नेटवर्कं एकाच पद्धतीवर चालत असल्याने आधीचंच सॉफ्टवेअर ठेवून फक्त सर्व्हरचा पत्ता बदलायचा होता. सिग्नलचं तसं नव्हतं, नवं ॲप घ्यावं लागत होतं. पण ते घेण्याचं कामही भारतातल्या असंख्य लोकांनी केलंच होतं. ॲप फोनमध्ये आलं आणि तरी ग्रुप हलला नाही. जानेवारी संपता संपता टेलिग्रामने व्हॉट्सॲपवरचं जुनं संभाषण आपल्याकडे आणण्याचीही सोय दिली. म्हणजे साधनं हाताशी होती. कमी पडला तो निर्णय. उबुंटूसारख्या प्रकल्पाला स्वतःच्या कौन्सिल आहेत, चॅनेल कोणाच्या देखरेखीखाली चालायचं ते ठरलेलं आहे. अशा मंडळाने आम्ही जातो आहोत असं जाहीर केलं की सदस्याला इतर किती जण जातील याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन हा बहुधा ज्याने ग्रुप काढला तो. सदस्य घेण्या-काढण्याचं बटण त्याच्याकडे असतं, पण सगळ्यांच्या वतीने ठरवण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नसतो. शिवाय एकच माणूस वीस-पंचवीस ग्रुपांत असतो. त्यातला एक हलला तर त्याला दोन ॲप सांभाळावी लागतात. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो. हे आळसाचं किंवा बेफिकिरीचं लक्षण नाही. एकेकट्याने विचार केला तर वाट बघणंच शहाणपणाचं ठरतं, आणि नेमकी तिथेच गाडी अडते.

फ्रीनोडवर पुढे जे घडलं त्यातून आणखी एक गोष्ट उघड होते. आयआरसीच्या प्रत्येक चॅनेलच्या माथ्यावर एक ओळ असते, तिला टॉपिक म्हणतात. आत येणाऱ्या माणसाला सर्वांत आधी तीच दिसते. हलायचं ठरवलेल्या गटांनी साहजिकच त्या ओळीत आपला लिबेराचा नवा पत्ता लिहून ठेवला. मेच्या शेवटच्या आठवड्यात फ्रीनोडच्या नव्या व्यवस्थापनाने, ज्या चॅनेलांच्या टॉपिकमध्ये लिबेराचं नाव होतं अशी शेकडो चॅनेल मूळ चालकांकडून काढून घेतली. यंत्राने शब्द हुडकला आणि चॅनेल ताब्यात गेलं. काही गट तोवर जावं की राहावं यावर चर्चाच करत होते. त्यांचाही प्रश्न एका रात्रीत मिटला. जूनमध्ये फ्रीनोडने जुनी यंत्रणा मोडून नवी उभी केली, तेव्हा टोपणनावांच्या आणि चॅनेलांच्या सगळ्या जुन्या नोंदी पुसल्या गेल्या. जे निष्ठेने थांबले होते त्यांनाही पुन्हा पहिल्यापासून नाव नोंदवणं आलं. आहे तिथे राहायला काही मोल पडत नाही, असं जे म्हटलं जातं ते या अनुभवापुढे टिकत नाही. जागेचा मालक बदलला की न हलताही बिऱ्हाड उघड्यावर येऊ शकतं.

घाईने पळावं लागण्यापेक्षा वेळेवर ठरवून निघणं केव्हाही चांगलं, आणि त्याचा मला सर्वांत पटणारा नमुना मोझिलाचा आहे. फायरफॉक्स घडवणाऱ्या या संस्थेचा स्वतःचा आयआरसी सर्व्हर वीस वर्षांहून जास्त चालला. एप्रिल २०१९ मध्ये तो बंद करण्याचा मनोदय जाहीर झाला. कारणं उघडपणे सांगितली गेली: नव्या माणसाला आत शिरणं कठीण जातं आणि त्रास देणाऱ्यांना आवरण्याची साधनं अपुरी पडतात. मग स्लॅक, मॅटरमोस्ट, रॉकेट चॅट आणि मॅट्रिक्स असे चार पर्याय प्रत्यक्ष वापरून बघायला सदस्यांसमोर ठेवले. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध सदस्यांना ते वापरता येतात का, हीसुद्धा एक कसोटी होती. डिसेंबरमध्ये मॅट्रिक्सची निवड झाली, नवी जागा सुरू झाली आणि मार्च २०२० मध्ये जुना सर्व्हर बंद झाला. इतकी चर्चा म्हणजे कालापव्यय, असं एखाद्याला वाटेल. पण ज्याच्या आवडीचा पर्याय हरला त्यालाही आपलं ऐकून घेतलं गेलं हे माहीत असतं, आणि अशी माणसं सोबत येतात. जुनं दार कोणत्या महिन्यात बंद होणार हे आधी ठाऊक असणं तर फारच मोलाचं. तारीख नसेल तर दोन्ही जागा अर्ध्या भरलेल्या राहतात आणि सदस्याने प्रश्न कुठे विचारावा हेच कळेनासं होतं.

मधल्या काळासाठी पूल बांधावा असं नेहमी सुचवलं जातं. पूल म्हणजे एका जागी लिहिलेलं आपोआप दुसऱ्या जागी उमटवणारा प्रोग्रॅम. केडीई या प्रकल्पाने २०१९ मध्ये मॅट्रिक्सवर जाताना आयआरसीवरच्या सदस्यांशी अशीच जोडणी ठेवली, आणि म्हणून कोणालाही एका रात्रीत तोडलं गेलं नाही. मात्र पुलावर कायमचा भरवसा ठेवू नये. स्लॅकने आयआरसीतून आत येण्याची वाट मे २०१८ मध्ये बंद केली. मॅट्रिक्स आणि लिबेरा यांच्यामधला मोठा सार्वजनिक पूलही २०२३ मध्ये काढला गेला.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. सगळे व्हॉट्सॲपवरच आहेत; गावाकडच्या आजोबांना, साधा फोन जेमतेम चालवणाऱ्या मावशींना नव्या ॲपवर खेचायचं म्हणजे त्यांना बाहेर ठेवायचं. हे मला मनापासून मान्य आहे. ज्या ग्रुपचं काम निरोप देण्याचं आहे त्याने उगाच हलू नये. पण जिथे ज्ञान साठतं तिथे हिशेब बदलतो. शेतीतल्या रोगांवरचे प्रश्न, गावच्या इतिहासाचे कागद, एखाद्या आजाराच्या रुग्णांनी एकमेकांना दिलेली माहिती, हे सगळं संभाषणाच्या ओघात वाहून जातं आणि जागा बंद पडली की हातचं जातं. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं. याहू ग्रुप्सने २०१९ च्या शेवटी नवी भर थांबवून साठलेला मजकूर हटवायला घेतला आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवा पूर्ण संपली. आपल्याकडचं हाइक हे मेसेजिंग ॲप जानेवारी २०२१ मध्ये, म्हणजे बाकीचे सिग्नलकडे धावत होते त्याच महिन्यात बंद झालं. स्लॅकच्या मोफत योजनेत सप्टेंबर २०२२ पासून नव्वद दिवसांपलीकडचं संभाषण दिसेनासं झालं. त्यामुळे नवी जागा निवडताना तिथून बाहेर कसं पडता येईल हा प्रश्न सोयी-सुविधांच्या आधी विचारायला हवा: साठा फाइलमध्ये उतरवून घेता येतो का, तीच पद्धत दुसरं कोणी चालवू शकतं का, चावी एकाहून अधिक सदस्यांच्या हाती आहे का. डिस्कॉर्ड हे चॅट ॲप आकर्षक आहे, फुकट आहे, नवख्यालाही पटकन जमतं. पण या तीन प्रश्नांतल्या दुसऱ्याला त्याच्याकडे उत्तर नाही, आणि माझ्या मते माहिती साठवणाऱ्या गटासाठी ही उणीव मोठी आहे.

खरं तर जागा बदलण्याचं हे ओझं एकट्या ग्रुपवर टाकणं न्याय्य नाही. भारतात २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलता येते, आणि एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर बोलणं तर त्याआधीपासून होतंच. नंबर सोबत नेण्याची सोय कंपन्यांना नियमाने द्यावी लागली, ग्राहकांना एकजूट करावी लागली नाही. युरोपीय संघाने डिजिटल बाजाराच्या कायद्यात हेच तत्त्व चॅटला लावलं आहे. मार्च २०२४ पासून व्हॉट्सॲपसारख्या सेवेला, मागणी करणाऱ्या दुसऱ्या ॲपशी संदेशांची देवाणघेवाण खुली करणं तिथे बंधनकारक आहे. भारतात असं बंधन नाही. आणि युरोपातही कायद्याने सुरुवात केली आहे ती दोन माणसांमधल्या संदेशांपासून. ग्रुपसाठी जास्त मुदत दिली होती.