वृद्ध स्त्रियांचीं वस्त्रें

सारा जन्म मुलांना अंकगणित व मराठी शिकविण्यांत घालविलेल्या माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तरानें स्त्रियांच्या वस्त्रांविषयीं बोलावें, हें आपणांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु माझ्या घरीं माझ्याच हातून एक चूक घडली. आणि ती कशी घडली हें पाहूं लागलों, तेव्हां ती घरोघरीं घडत आहे असें मला आढळून आलें. म्हणून हा विषय आज आपणांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

माझ्या आईचें वय आज 84 वर्षांचें आहे. लग्न झाल्यापासून ती नऊवारी लुगडें नेसत आली. दोन वर्षांपूर्वीं तिच्या बोटांचे सांधे आंखडले, उजवा हात पाठीमागें वळेनासा झाला, आणि कासोटा खोवणें तिला अशक्य होऊन बसलें. तेव्हां मी तालुक्याच्या गांवीं एका मोठ्या दुकानांत गेलों. "आजीबाईंसाठीं खास" असें म्हणून दुकानदारानें कांहीं गाऊन पुढें टाकले. कापड गुळगुळीत, रंग मातकट, घेर भला मोठा, लांबी पायघोळ. धुवावयास सोपे, इस्त्रीची जरूर नाहीं, आणि किंमतहि बेताची. मीं तीन घेतले. आईला आधीं विचारावें हें मला सुचलें नाहीं.

आईनें ते निमूटपणें घातले. पहिल्याच दिवशीं तिनें कमरेशीं हात नेऊन चांचपून पाहिलें आणि विचारलें, "अरे, ह्याला कनवट कुठें आहे?" मीं हंसण्यावारी नेलें. पुढें पंधरा दिवसांत तिचें देवळांत जाणें बंद झालें. पाय दुखतात, असें ती सांगे. एकदां परसांत चालतांना घोळ पायांत येऊन ती पडली. सुदैवानें मनगट मुरगळण्यावरच निभावलें. परंतु देवळांत न जाण्याचें खरें कारण निराळेंच होतें. एके संध्याकाळीं ती माझ्या पत्नीला म्हणाली, "सूनबाई, अंगावर पदर नाहीं, अशी देवापुढें कशी जाऊं? आणि पेटींत टाकायला रुपया हवा, तर तोहि मुलाजवळच मागायचा ना?" हे शब्द माझ्या कानीं पडले, आणि आपण आईला वस्त्र आणून दिलें कीं घरांत कोंडून ठेविलें, असा प्रश्न मला पडला.

ती कनवट कां शोधीत होती, हें समजण्यासाठीं प्रथम लुगड्याचाच विचार करूं. नऊ वार म्हणजे सुमारें सव्वाआठ मीटर कापड. त्यांत शिवण नाहीं, गुंडी नाहीं, हूक नाहीं. असें असून कासोट्यामुळें दोन्ही पाय मोकळे राहतात; जिना चढावा, शेतांत लावणी करावी, मांडी घालून जात्यावर बसावें, कशालाच अडचण नाहीं. काम करतांना पदर कमरेला खोंवला कीं हात मोकळे झाले. पुढच्या निऱ्यांच्या ओच्यांत भाजी वेंचून आणतां येते. कमरेच्या घडींत, म्हणजे कनवटीला, चार पैसे व किल्ली सहज राहते. चोळीची गांठ पुढें असल्यामुळें ती आपल्या हातांनीं बांधतां येते. शरीर सुटलें किंवा वाळलें, तरी लुगडें बदलावें लागत नाहीं. नेसणारी तें आपल्या अंगाप्रमाणें सैल किंवा घट्ट करते. एवढ्या सोयी एका वस्त्रांत होत्या. परंतु त्या पाहून पाहून आम्हां पुरुषांच्या त्या लक्षांतच आल्या नव्हत्या.

तथापि लुगड्याची आंधळी स्तुति मला करावयाची नाहीं. भिजलेलें सुती लुगडें पिळणें हें म्हाताऱ्या हातांचें काम नव्हे. तें नेसावयास वांकावें लागतें व हात पाठीमागें न्यावा लागतो. तेव्हां एका वयानंतर तें सुटणें स्वाभाविक आहे. प्रश्न इतकाच कीं, त्याच्या जागीं जें आलें, त्यानें त्यांतील कोणती सोय राखली?

उतारवयांत शरीरांत काय फरक पडतो, हें पाहिलें म्हणजे तयार कपड्यांचा दोष स्पष्ट होतो. पाठीच्या मणक्यांमधील चकत्या चेपतात, हाडें विरळ होतात, त्यामुळें उंची कमी होते. पुष्कळांची पाठ वांकते व खांदे पुढें झुकतात. पाठ वांकली म्हणजे पाठीवरून कापड अधिक लागतें व पुढें कमी लागतें. तरुण बाईच्या मापाचाच कपडा नुसता रुंद व लांब केला, तर तो मागें उचलला जातो आणि पुढें लोंबतो. आणि पुढें लोंबणारा घोळच पायांत येतो. वृद्धापकाळीं तोल आधींच कच्चा असतो. पडल्यावर मनगट किंवा खुब्याचें हाड मोडण्याचें भय असतें. खुबा मोडलेलें माणूस पुष्कळदां पूर्वींसारखें हिंडूंफिरूं शकत नाहीं. तेव्हां चार बोटें जास्त असलेली लांबी ही केवळ दिसण्याची बाब नाहीं.

हातांचेंहि तसेंच. बोटें आंखडलीं म्हणजे बारीक हूक लागत नाहीं. खांदा धरला म्हणजे पाठीवरील चेन ओढतां येत नाहीं. अशी चेन ज्या वस्त्राला आहे, तें घालणाऱ्या बाईला रोज सकाळीं दुसऱ्याची वाट पाहावी लागते. अलीकडे शिवलेली तयार नऊवारी मिळते. दोन मिनिटांत नेसून होते असें सांगतात. लग्नसमारंभांत किंवा नाचाच्या कार्यक्रमांत ती शोभते. परंतु शौचास जावयाचें झाल्यास ती बहुधा सगळीच उतरवावी लागते. आणि म्हातारपणीं ती घाई आवरत नाहीं. ही गोष्ट उघड बोलण्यास संकोच वाटतो, म्हणूनच ती कोणी बोलत नाहीं.

आतां कापडाविषयीं. पॉलिएस्टरचा धागा 1941 सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड व डिक्सन या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं शोधून काढला. तो टिकाऊ आहे, लवकर वाळतो, चुरगळत नाहीं. हे गुण नाकारतां येणार नाहींत. परंतु साधारण दमट हवेंत 100 ग्रॅम कोरडा कापूस सुमारें 8 ग्रॅम ओलावा आपल्यांत सामावून घेतो. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमदेखील घेत नाहीं. म्हणून उन्हाळ्यांत दाट विणीचा तसला कपडा अंगाला चिकटतो. वृद्धांना घाम कमी येतो व तहानहि कमी लागते. उष्णता सोसण्याची त्यांची शक्ति आधींच घटलेली असते. शिवाय हा धागा आंच लागतांच वितळून कातडीला चिकटतो. सुती कापडहि पेट घेतेंच. म्हणून चुलीशीं किंवा शेगडीशीं वावरणाऱ्या बाईच्या बाह्या, कापड कोणतेंहि असो, घोळदार नसाव्यात.

राहिला रंग. म्हाताऱ्या बायकांना मातकट, राखाडी, विटके रंगच शोभतात, हें कोणीं ठरविलें? आपल्या समाजाचा इतिहास या बाबतींत अभिमानास्पद नाहीं. केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेला एके काळीं तांबडें आलवण नेसावें लागे. तिची इच्छा काय, हें कोणी विचारीत नसे. आलवण गेलें, पण "वयाला शोभेल असें" हे शब्द राहिले, आणि आतां ते दुकानाच्या फळीवरून ऐकूं येतात. गंमत अशी कीं, वय वाढतें तसें डोळ्याचें भिंग पिवळसर होत जातें, आणि काळा, गडद निळा, तपकिरी यांतील भेद ओळखणें कठीण होतें. म्हणजे ज्यांना स्वच्छ, ठसठशीत रंग हवेत, त्यांच्याच पुढें आपण अंधुक रंग मांडतों.

यांत सगळा दोष दुकानदाराचा आहे असें मी म्हणत नाहीं. तो गिऱ्हाइकाकडे पाहून माल आणतो. आणि पुष्कळ ठिकाणीं गिऱ्हाईक ती आजी नसते, तिचा मुलगा किंवा सून असते. धुणें कोणाचें सोपें होईल, हें आपण पाहतों. वावरणें कोणाचें सोपें होईल, हें पाहत नाहीं.

म्हणून माझी विनंति अशी कीं, शक्य असेल तर आजींना बरोबर न्यावें, आणि कपडा घेण्यापूर्वीं पांच गोष्टी पाहाव्यात. तो त्यांना एकट्याला घालतां व काढतां येतो काय? बंद पुढें आहेत काय, व गुंड्या दोन बोटांच्या चिमटींत येण्याइतक्या मोठ्या आहेत काय? बसतां, उठतां, पायरी चढतां कांठ घोट्याच्या वर राहतो काय? त्याला खोल खिसा आहे काय? आणि शेवटीं, तो घालून घराबाहेर जावें असें त्यांना वाटतें काय? पांचव्या प्रश्नाचें उत्तर "नाहीं" असें आलें, तर पहिल्या चारांचा फारसा उपयोग नाहीं.

आमच्या घरीं पुढें काय झालें, तें सांगून संपवितों. आमच्या आळींत शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत. माझ्या पत्नीनें त्यांना घरीं बोलाविलें. आईनें पेटींतून आपलें जुनें जांभळें सुती लुगडें काढून दिलें व स्वतः समोर बसून सांगितलें: घोट्याच्या वर चार बोटें, गुंड्या पुढें, उजव्या कमरेशीं खोल खिसा. लुगड्याचा पदर वेगळा कापून तो त्यांनीं डाव्या कमरेशीं शिवून दिला, तो खांद्यावरून घेतां येतो. कांठ वायां जाऊं दिला नाहीं. तो खालीं लावला.

दुसऱ्या दिवशीं आई काठी घेऊन देवळांत गेली. येतांना नातवाला तिनें खिशांतून दहा रुपये काढून दिले. मी दारांत उभा होतों. मला म्हणाली, "मास्तर, तुम्हीं आधीं विचारलें असतें, तर तीन गाउनांचे पैसे वांचले असते." पस्तीस वर्षें मीं मुलांच्या चुका लाल शाईनें दाखविल्या, ही माझी चूक तिनें एका वाक्यांत दाखविली. ती आपल्या घरीं होऊं नये, एवढ्याचसाठीं ही हकीकत सांगितली.