मामांचा प्रश्न आणि प्रॉपोझिशन ७१

मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा मामांनी एक कात्रण पुढे केलं. स्टेम सेल उपचारांची जाहिरात होती. शेजारचे काका जिन्यावरून पडले, तेव्हापासून कमरेखालचं अंग लुळं आहे. थोडी जमीन विकून हा उपचार करावा का, असं त्यांच्या घरी चाललेलं. "तू यातच पीएचडी करतेस ना? मग सांग."

मी सांगितलं, की मज्जारज्जूच्या दुखापतीवर स्टेम सेलचा सिद्ध झालेला उपचार अजून नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. मामा जरा थांबले आणि म्हणाले, "मग सरकार तुम्हाला पैसे कशाचे देतं?"

तुम्ही संशोधनात येणार असाल, तर हा प्रश्न तुम्हालाही कुणीतरी विचारणारच. कॅलिफोर्नियात २००४ मध्ये तो थेट मतपत्रिकेवर आला होता. तिथे काय घडलं, ते आज बघू.

आधी पैसा अडला कुठे?

१९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांच्या गटाने मानवी भ्रूणातल्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, पहिल्यांदा वेगळ्या करून वाढवल्या. शरीरातली जवळजवळ कुठलीही पेशी यांच्यापासून बनू शकते. पण त्या मिळवायच्या तर काही दिवसांचा भ्रूण नष्ट होतो. अशा कामाला केंद्राचा पैसा देऊ नये, ही अट अमेरिकी काँग्रेसने आधीच घातलेली होती. थॉमसन यांचं काम खासगी पैशावर झालं.

९ ऑगस्ट २००१ रोजी अध्यक्ष बुश यांनी मधला मार्ग काढला: त्या तारखेआधी तयार झालेल्या पेशीरेषांवर केंद्राचा पैसा चालेल, नव्यांवर नाही. त्या जुन्या पेशीरेषांच्या सरकारी यादीत मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस आणि बंगळुरूची एनसीबीएसही होती. पण यादीत साठच्या वर नावं असली, तरी प्रत्यक्षात संशोधकांच्या हाती पडल्या त्या जेमतेम वीस-बावीस.

आता हे लॅबच्या पातळीवर आणून बघा. केंद्राच्या अनुदानातून घेतलेला मायक्रोस्कोप नव्या पेशीरेषांसाठी वापरायचा नाही. इन्क्युबेटर वेगळा, पिपेट वेगळ्या, हिशेबही वेगळा. एका कामासाठी दोन संसार!

विज्ञान मतपत्रिकेवर

या कोंडीतून प्रॉपोझिशन ७१ आलं. पुढे होते रॉबर्ट क्लाइन. हे वैज्ञानिक नव्हते, बांधकाम व्यवसायातले होते. त्यांच्या मुलाला टाइप १ मधुमेह होता. प्रस्ताव असा, की राज्याने कर्जरोखे काढून ३ अब्ज डॉलर मूलपेशी संशोधनाला द्यायचे. व्याज धरून बोजा सुमारे ६ अब्ज.

प्रचारात रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक पुढे होते. १९९५ मध्ये घोड्यावरून पडून अपंग झालेला 'सुपरमॅन' ख्रिस्तोफर रीव्ह वर्षानुवर्षं या संशोधनासाठी बोलत होता. मतदानाच्या तीनेक आठवडे आधी तो गेला. बुश यांच्याच पक्षाचे गव्हर्नर श्वार्झनेगर यांनीही पाठिंबा दिला. विरोध करणारे केवळ धार्मिक नव्हते. स्त्रीबीज देणाऱ्या बायकांच्या आरोग्याचं काय, हा पैसा शाळा-दवाखान्यांना का नको, असे प्रश्न होते, आणि ते रास्त होते. शेवटी ५९ टक्के मतांनी प्रस्ताव मंजूर झाला.

बोललेलं आणि घडलेलं

लगेच कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. कर्जरोख्यांचा मार्ग मोकळा व्हायला २००७ उजाडलं. तोवर उसनवारीवर काम चाललं, आणि २००६ मधली पहिली अनुदानं कुणाला मिळाली माहितीये? तरुण संशोधकांच्या प्रशिक्षणाला. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांना.

त्याच वर्षी जपानमध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींना मागे नेऊन भ्रूणपेशींसारखं बनवून दाखवलं. २००७ मध्ये मानवी पेशींतही ते जमलं. ज्या वादावर निवडणूक झाली, त्यातली निम्मी हवाच गेली.

आणि यश? जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या एडीए-एससीआयडीच्या मुलांवरचा जनुकोपचार हे ठळक उदाहरण. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ५० पैकी ४८ मुलांमध्ये तो यशस्वी ठरला. या कामाला कॅलिफोर्नियाच्या निधीचाही हातभार होता. गंमत बघा, यात वापरल्या त्या मुलाच्या स्वतःच्या रक्त-मूलपेशी, भ्रूणातल्या नव्हेत.

पण प्रचारात ज्यांची नावं सारखी घेतली गेली, ते अल्झायमर, पार्किन्सन, मज्जारज्जूची इजा, यांवर सर्रास मिळणारा उपचार काही आला नाही. २०२० मध्ये आणखी ५.५ अब्ज डॉलर मागितले, तेव्हा प्रस्ताव जेमतेम ५१ टक्क्यांवर निभावला. त्याला कारणं अनेक असतील. मला मात्र वाटतं, लोकांना सोळा वर्षांपूर्वीचं बोलणं आठवत होतं.

मग आपण काय बोलायचं?

पैसे मागूच नयेत, असं मी म्हणत नाहीये. मागितले नसते तर ती प्रशिक्षणं, त्या लॅब, ती मुलं, यातलं बरंच काही राहून गेलं असतं. पण सार्वजनिक पैसा मागताना तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगायची सवय आत्तापासून लावा:

१. आज नक्की काय माहीत आहे.
२. या पैशातून पुढच्या तीन-पाच वर्षांत काय शोधणार.
३. कशाचं वचन देत नाही.

तिसरं वाक्य सगळ्यात अवघड. ते गाळलं की अर्ज जास्त चमकतो, हे मलाही ठाऊक आहे. पण आपण मोकळी सोडलेली ती जागा कात्रणातल्या जाहिरातीसारखं कुणीतरी भरून काढतं, आणि किंमत मोजतो तो जमीन विकणारा माणूस.

मामांना मी त्या दिवशी एवढंच म्हणाले, "काय चालत नाही, हे खात्रीने सांगता यावं, याचेही पैसे मिळतात." त्यांना ते कितपत पटलं, कोण जाणे. जमीन मात्र अजून विकलेली नाही.

तुमच्या विषयावर ही तीन वाक्यं आजच लिहून बघा, आणि विज्ञान न शिकलेल्या घरातल्या एखाद्या माणसाला वाचून दाखवा.