दहावीनंतरची पेनगंगा

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने आदिलाबादेस जाण्याचा योग आला. पेनगंगेचा पूल ओलांडला की पाट्या तेलुगू होतात; विचारपूस मात्र पुष्कळ घरांत अजून मराठीतच होते. यजमानांचा धाकटा नुकताच दहावी झालेला. गळा गोड, गणितही चांगले. यजमान म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच सांगा. याला गाण्यात घालावे, की अकरावीला नांदेडास मामाकडे पाठवावे?"

माझे वडील दरबारचे गवई. मला असे कोणी विचारलेच नव्हते. म्हणून मी आधी मुलाला विचारले. तो हळूच म्हणाला, "मला डॉक्टर व्हायचंय."

"मग नांदेड नको," मी म्हणालो. मामांबद्दल माझी तक्रार नव्हती. पण तेलंगणात वैद्यकीच्या स्थानिक जागा हव्यात, तर बारावीपर्यंतची सलग चार वर्षे तिथेच शिकावे लागते. इकडे महाराष्ट्राच्या जागांना अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या लागतात. दहावी अलीकडे, बारावी पलीकडे केलेला मुलगा, काही अपवाद सोडले तर, दोन्ही तीरांना परका! सीमाभागातल्या मराठी मुलांना महाराष्ट्राने सवलत ठेवली आहे खरी, पण ती कर्नाटकातल्या वादग्रस्त गावांपुरती. वास्तविक १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. माझ्या एका विद्यार्थिनीचे अशाच घोळात सबंध वर्ष गेले, तेव्हापासून मी ही कलमे आलापांइतकी घोकली आहेत.

डॉक्टरकी नको असती तर बासर सुचवले असते. तिथले तंत्रज्ञानाचे विद्यापीठ २००८ पासून दहावीच्या गुणांवर मुले घेते आणि सहा वर्षांत इंजिनियर करून सोडते. सरस्वतीच्या गावी हे बरे जमले आहे.

"आणि गाणे?" माउलींनी स्वयंपाकघरातून विचारले.

गाणे सुटायचे कारण नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा कॉलेज सांभाळून देता येतात. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात. पुढे मन बदललेच, तर १९५६ साली स्थापन झालेले खैरागडचे संगीत विद्यापीठ आहे, बडोदे आहे. मात्र वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेच्या वर्षी तंबोरा सकाळी अर्धाच तास, हे मुलाकडून कबूल करून घेतले.

रात्री नांदेडास फोन गेला. मामा बराच वेळ रुसून होते.