अंड्यालोण्यावाचून मोसंबी कर्ड

जालन्याच्या ज्या मोसंबीस भौगोलिक मानांकन लाभले आहे, तीच मोसंबी हंगामात आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या मंडईत मुबलक उतरते. आणि ज्या घरांत अंडे वर्ज्य आहे अथवा कोणास दूध सोसत नाही, तेथेही पोळीस वा पावास लावण्याजोगे दाट, आंबटगोड कर्ड तिच्यापासून सिद्ध करता येते. अंड्यातील प्रथिने उष्णतेने गोठून जो घट्टपणा आणतात, त्याची तजवीज कॉर्नफ्लोअर करते: सुमारे ६५ अंश सेल्सिअसपासून, साखर असल्यास किंचित उशिरा, त्याचे कण पाणी शोषून फुगतात.

मोसंबीची खोड मात्र जाणून घेतली पाहिजे. रस काढल्यावर त्यातील एक बेचव द्रव्य आम्लाच्या सान्निध्यात हळूहळू लिमोनिन या कडू द्रव्यात पालटते आणि उष्णतेने ही क्रिया त्वरेने घडते. शिवाय आम्लासह दीर्घकाळ उकळल्यास पिष्टाचा घट्टपणाही ढळतो. म्हणून वाटीभर नारळाच्या दाट दुधात, जे माझ्या मते लोण्याची उणीव पुरती भरून काढते, पाऊण वाटी साखर व दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर थंड असतानाच कालवून, डावाच्या पाठीवर थर धरेपर्यंत शिजवावे. आणि भांडे उतरवल्यावरच अर्धी वाटी ताजा मोसंबीरस, एका लिंबाचा रस व पांढरा भाग टाळून किसलेली साल घालावी. फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावे.